ट्रावेमुंडेला राहिलेली बाई

दर महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी मी म्हाताऱ्या माणसांना परदेशी नेते. ब्लॅकटाउनपासून दहा मिनिटांवर असलेल्या एका एज्ड केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, मी लाइफस्टाइल ऑफिसर आहे. म्हणजे नक्की काय, हे ठाण्याहून आई अजूनही विचारते. बिंगो, खुर्चीतले व्यायाम, वाढदिवस आणि महिन्यातून एकदा ‘आर्मचेअर ट्रॅव्हल’. मोठ्या टीव्हीवर एखाद्या देशाचे व्हिडिओ, हातात खोटा बोर्डिंग पास, तिथलं काहीतरी खायला आणि तासाभरात सगळे आपापल्या खोलीत. आले होते हॉटेल मॅनेजमेंट शिकायला. नऊ वर्षांनी पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळाला आणि हॉटेलाऐवजी हे मिळालं. तक्रार नाही. पण ‘किती छान, गप्पा मारायचा पगार’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

ऑगस्टमधली सहल जर्मनीतल्या समुद्रकाठच्या गावांची होती. ती मी एका माणसासाठी आखली होती आणि हे मी मॅनेजरला सांगितलं होतं, त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर माझ्यावर फुटणं रास्तच होतं.

तो माणूस म्हणजे रविंद्रकाका साठये. वय ब्याऐंशी. मुंबईतल्या एका ट्रॅव्हल कंपनीत तीस वर्षं टूर मॅनेजर होते, मराठी मंडळींना युरोप दाखवून आणायचे. आता त्यांना सकाळी काय खाल्लं तेही आठवत नाही. त्यांची बायको शुभदाकाकू एकोणऐंशीच्या. गुडघे आणि कंबर कामातून गेलेली, डोकं मात्र लख्ख. आमच्या ड्यूट्यांचा रोस्टर भिंतीवर लागला की पहिली चूक त्याच काढतात, आणि तीही इंग्रजीत, सगळ्यांसमोर. मुलगी निहारिका स्प्रिंगफील्ड लेक्सला असते, दोन-तीन महिन्यांतून विमानाने येऊन जाते. दोघं आमच्याकडे एकाच खोलीत राहायचे.

अडचण दुपारी चारची होती. रोज चार वाजता काका मुख्य दाराशी जाऊन उभे राहायचे आणि तासभर हलायचे नाहीत. कुणी दंडाला धरलं की ढकलायचे. जुलैत एका नर्सचा हात मुरगळला. शेवटी ऑगस्टमध्ये आमची मॅनेजर लिऐन म्हणाली, बास झालं. गुरुवारी बाहेरून नर्स येऊन काका-काकू दोघांची तपासणी करेल आणि मग काकांना बँक्सियात हलवायचं. बँक्सिया म्हणजे मागची इमारत, दाराला कोड, आत सगळे विसरलेले. भेट आठवड्यातून दोनदा, तीही काकूंची व्हीलचेअर ढकलायला कुणी रिकामं असलं तर.

“आणि काकू?” मी विचारलं.

“ती इथेच राहणार, लव्ह. तिकडे दोघांची एक खोली रिकामी आहे, पण तिथले बेड असेसमेंटमध्ये विसरण्याचा आजार ठरला तरच मिळतात. रूल आहे. आणि शुभदा इज शार्पर दॅन मी.”

हे खरं होतं, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. मी जाऊन काकूंना सांगितलं. त्या पुस्तकात सुडोकू सोडवत होत्या.

“जाऊ दे त्यांना,” काकू म्हणाल्या. “मला झोप तरी लागेल.”

मला रागच आला. बावन्न वर्षांचा संसार आणि त्यावर हे एवढंच? तरी मी विचारलं, “काकू, चारला त्यांना घरी जायचं असतं का? फाइलमध्ये सगळ्यांनी तेच लिहिलंय.”

“घरी कसलं? चारला बस सुटते.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “डोकी मोजतात ते. सगळं आयुष्य बसच्या दारात उभं राहून डोकी मोजण्यात गेलं. मलाच तेवढं मोजलं नाही.”

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. एकोणीसशे त्र्याण्णवच्या जूनमधली. युरोपच्या टूरवर एक सीट रिकामी राहिली म्हणून कंपनीने पहिल्यांदाच टूर मॅनेजरच्या बायकोला जाऊ दिलं. हॅम्बर्गहून एक दिवस समुद्रावर, ट्रावेमुंडे नावाच्या गावी गेले. तिथे वाळूत वेताच्या, छपराच्या मोठ्या खुर्च्या मांडलेल्या असतात, वारा लागू नये म्हणून. काकू त्यातल्या एकीत बसल्या आणि त्यांचा डोळा लागला. चार वाजता काकांनी यादीतली अडतीस डोकी मोजली, बरोबर भरली आणि बस सोडली. काकूंचं नाव यादीत नव्हतंच. हॅम्बर्गच्या हॉटेलात खोल्यांच्या किल्ल्या वाटून झाल्या, एक किल्ली हातात उरली, तेव्हा त्यांना बायको आठवली. टॅक्सी करून ते परत येईपर्यंत सात वाजले होते.

“लोकांना वाटतं ह्या आजारात ते मला विसरले,” काकू म्हणाल्या. “आजार-बिजार नंतर. मला ते त्याआधीच विसरलेत.” आणि पुन्हा सुडोकूत घुसल्या.

त्या दिवशी चारला मी काकांना ओढायला न जाता त्यांच्या शेजारी नुसती उभी राहिले. ते हलक्या आवाजात पुटपुटत होते. कॉरिडॉरमधून जाणाऱ्या प्रत्येकाकडे बोट करून आकडा म्हणायचे आणि शेवटी, “एक कमी.” दोन वर्षं आम्ही त्यांच्या फाइलमध्ये ‘बाहेर पडू पाहतात’ असं लिहीत होतो. आम्हाला मराठी येत नव्हतं हे कारण बाकीच्यांना चालेल, मला नाही चालत. मला लाज वाटली.

मी लिऐनकडे गेले. म्हटलं, काकांना चार वाजता मोजायला खरी माणसं देऊ. बुधवारची सहल मी साडेतीनला ठेवते, जर्मनीला. चारला ते शांत राहिले तर गुरुवारी नर्सला दाखवायला काहीतरी असेल.

“नो वरीज,” लिऐन म्हणाली. “पण दारापाशी गेले तर मग माझा इलाज नाही, मिताली.”

बुधवारी मी डे रूममध्ये दोन उभे पंखे लावले, समुद्राचा वारा म्हणून. पत्र्याच्या ट्रेमध्ये मुलांच्या सँडपिटची वाळू ओतली, ज्याला हवं त्याने पाय बुडवावेत. मासळी घातलेले मऊ पाव केले, दात नसलेल्यांसाठी लगदा करून. काकांशिवाय आठ जण आले, त्यातले दोघं व्हीलचेअरवर. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, “एकदा गेले तेवढं पुरे.”

काकांच्या हातात मी आठ नावांची यादी आणि एक छोटा झेंडा दिला. मला वाटलं होतं, बघतील आणि खाली ठेवतील. पण ते उठले, शर्ट खोचला आणि टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले. आवाज असा की मी या माणसाला ओळखतच नव्हते.

“लेडीज अँड जेंटलमेन, फाइव्ह मिनिट्स मीन्स फाइव्ह मिनिट्स. टॉयलेट नाऊ, फोटो लेटर.”

एक्क्याण्णव वर्षांची डॉट खरंच उठून टॉयलेटला गेली.

मग आम्ही वार्नेमुंडे पाहिलं, त्याचा दीपस्तंभ, कालव्याकाठच्या मासेवाल्यांच्या बोटी. एका गावाच्या भर रस्त्यातून, दुकानांच्या दाराला खेटून जाणारी वाफेची छोटी आगगाडी पाहिली. काका व्हिडिओकडे बघतही नव्हते. ते माणसांकडे बघत होते. कोणाला ऊन लागतंय, कोण मागे पडलंय. मिस्टर पापास पेंगले तर त्यांच्या खांद्यावर टिचकी मारून म्हणाले, “सर, यू हॅव पेड फॉर धिस.” सगळे हसले. मला इतका आनंद झाला की चार कधी वाजले कळलं नाही.

पावाचे ट्रे किचनमध्ये ठेवून येईपर्यंत मला तीन मिनिटं लागली असतील. परत आले तर डे रूम रिकामी. पंखे चालू, टीव्हीवर ट्रावेमुंडेची वाळू, आणि माणूस एक नाही. लाँड्रीच्या माणसाने ट्रॉलीसाठी मुख्य दार उघडं धरलं होतं. आठ म्हाताऱ्यांची रांग झेंड्यामागून येताना पाहून बिचाऱ्याने ते अदबीने आणखी उघडलं.

सगळे कार पार्कमध्ये सापडले. बुटक्या भिंतीवर ओळीने बसवलेले, दोन्ही व्हीलचेअरींचे ब्रेक लावलेले. कोणाला खरचटलंही नव्हतं. पण एक व्हॅन बीप बीप करत मागे येत होती आणि लिऐन तिच्यासमोर हात आडवे करून उभी होती. काका भिंतीजवळ डोकी मोजत होते.

“आठ. एक कमी.”

“काका, यादीत आठच आहेत.” मी यादी त्यांच्यासमोर धरली. “हे बघा. सगळे आले. आत चला.”

त्यांनी यादी वाचली. वरपासून खालपर्यंत, नीट. मग मला परत दिली.

“यादी चुकलीय,” ते म्हणाले. “बस सोडायची नाही.”

दोन नर्सेस त्यांचा हात धरायला पुढे झाल्या. मी म्हटलं, थांबा, प्लीज, दोन मिनिटं, आणि आत धावले. काकूंच्या दारात उभी राहून मी ते सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी वॉकर घेतला आणि चालायला लागल्या. खोलीपासून कार पार्कपर्यंत त्यांना सात मिनिटं लागली आणि सातही मिनिटं काका ऊन डोळ्यांवर घेत तसेच उभे होते.

काकू जवळ आल्यावर ते दोन पावलं पुढे झाले. ओळखलं नाही, ते दिसत होतं.

“मॅडम, होतात कुठे तुम्ही?” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, फक्त काळजी होती. “बस थांबवून ठेवलीय तुमच्यासाठी.”

काकू वॉकर बाजूला ठेवून भिंतीवर डॉटशेजारी बसल्या.

“नऊ,” काका म्हणाले. “चला.” आणि सगळे मुकाट्याने आत गेले.

लिऐनने इन्सिडेंट रिपोर्ट लिहिला. मला तिचा राग करायचा होता, पण व्हॅन मीही पाहिली होती. “सॉरी मेट,” ती म्हणाली. “सोमवारी ते बँक्सियात जाणार.”

गुरुवारी बाहेरची नर्स आली. तरुण पोरगी, हातात टॅबलेट. काकांचं अर्ध्या तासात आटोपलं. मग काकूंची पाळी होती. थोड्या वेळाने लिऐनने मला बोलावून घेतलं.

“तुला इंटरप्रिट करावं लागेल. शुभदा इंग्रजीत बोलतच नाहीये.”

रोस्टरच्या चुका इंग्रजीत काढणारी बाई! मी आत गेले. काकू खुर्चीत ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर. माझ्याकडे त्यांनी अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं आणि त्या काय करायला निघाल्यात ते मला कळलं.

नर्सने महिना विचारला.

“जून,” काकू म्हणाल्या.

“जून,” मी सांगितलं. बाहेर ऑगस्ट होता, इथला ऐन हिवाळा.

ऋतू? उन्हाळा, त्या म्हणाल्या. खोलीत हीटर चालू होता. मी उन्हाळा सांगितला. माझं काम भाषांतराचं होतं. मी ते करत होते.

“ही इमारत कसली आहे?”

“हॉटेल.”

“आपण कुठल्या देशात आहोत?”

काकूंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर कार पार्क होता आणि ती बुटकी भिंत.

“जर्मनीत. ट्रावेमुंडेला.”

नर्सने ते गाव टाइप करायला मला स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं, आवाज सरळ ठेवून.

“तुम्ही इथे काय करताय, शुभदा?”

“मिस्टर येणारेत घ्यायला,” काकू म्हणाल्या. “आम्ही बरोबर आहोत. मला त्यांच्याच बसमध्ये बसवा.”

मी खोकल्याचं नाटक केलं आणि मग शब्दन् शब्द सांगितला.

नर्सने दोन ठिकाणी टिक केलं. “मागच्या विंगमध्ये दोघांची खोली आहे म्हणे,” ती लिऐनला म्हणाली. “मग वेगळं कशाला करायचं?” लिऐनने काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने होकारार्थी मान हलवली.

निघताना नर्सने दारात मला हळूच विचारलं, “शी हाइड्स इट वेल, डझन्ट शी? किती दिवस असं आहे?”

“बरीच वर्षं असावं,” मी म्हटलं. “आमच्याच लक्षात आलं नाही.”