शुक्रवारचं ॲव्हरेज

मुलाने वडिलांना गाडी घेऊन दिली, आणि तीसुद्धा साधीसुधी नाही. लांबलचक, काळीशार, दार लावलं की रस्त्यावरचा आवाज बाहेरच राहावा अशी उंची सेडान. चालवणार कोण, तर जन्मभर सायकलवरून दारोदार फिरून पाण्याचे मीटर वाचलेला एक निवृत्त माणूस. कॉलनीत सगळे त्यांना मीटरकाका म्हणत. गाडी आली त्या दिवशी शेजाऱ्यांनी तिच्यावरून हात फिरवला, सीटवर बसून पाहिलं आणि मग एकेकाने तोच प्रश्न विचारला, "ॲव्हरेज काय देते?" आपल्या लोकांच्या दारात विमान आणून उभं केलं, तरी ते आधी हेच विचारतील.

मुलगा लांबच्या शहरात नोकरीला होता. आई होती तोवर त्याचा फोन आईचा. ती तासतासभर बोलायची, हसायची, रागवायची आणि शेवटी काकांकडे बघून विचारायची, "तुम्ही बोलता का?" काका म्हणायचे, "तू बोललीस ना, मग झालं." ती गेली आणि फोन काकांच्या गळ्यात पडला. बोलण्याच्या बाबतीत जसा बाप तसाच लेक. तब्येत बरी का, बरी. जेवलात का, जेवलो. इथे दोघांचंही गाडं रुतायचं, मग कुणीतरी घसा खाकरून "बरं, ठेवतो" म्हणायचं.

सेडान आली आणि रुतलेलं गाडं निघालं. दर शुक्रवारी संध्याकाळी मुलगा विचारू लागला, "बाबा, ॲव्हरेज काय पडलं?" काकांना तर आवडीचं काम मिळालं. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लक्षात ठेवायचे, पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. समोरच्या पडद्यावर आकडा आपोआप येत होता, पण काकांचा त्यावर विश्वास नव्हता. ज्याने हजारो मीटर स्वतःच्या डोळ्यांनी वाचले, तो पडद्याचं ऐकून घेईल होय? चालवायचेही असे, की पेट्रोल नाही, देवाघरचं तीर्थ जाळतायत. सिग्नल लांबून लाल दिसला की पाय उचलायचा, उगाच ब्रेक नाही, उगाच जोर नाही. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांनी काय काय म्हटलं असेल ते काचा दुहेरी असल्याने आत आलं नाही. एवढं करून गाडी लिटरला साडेतेरा देत होती. एवढ्या वजनाच्या गाडीला शहरात हे म्हणजे डोक्यावरून पाणी.

पण साडेतेरा सांगितलं की मुलगा म्हणायचा, "वा, छान. जपून चालवा." आणि फोन बंद.

एका आठवड्यात रस्ता खोदून ठेवलेला होता. गाडी नुसती रांगेत उभी राहून पेट्रोल पीत होती, आणि आकडा खरोखरच नऊवर आला. काकांनी ओशाळून सांगितला. त्या दिवशी मुलाने टायरची हवा विचारली, एअर फिल्टर कधी बदलला ते विचारलं, डिकीत जड काही ठेवलंय का, एसी कितीवर असतो, पेट्रोल कुठल्या पंपावर भरता, सगळं विचारलं. फोन ठेवला तेव्हा गॅसवरचं दूध उतू जाऊन करपलं होतं. ओटा घासताना काका शीळ घालत होते.

पुढच्या आठवड्यात रस्ता नीट झाला. आकडा साडेतेरा आला. काकांनी नऊ सांगितला.

तिथून पुढे त्यांनी थापांची रांगच लावली. नऊ, पावणेनऊ, साडेआठ. आकडा जितका खाली, तितकं बोलणं लांब. थापेला आधार हवा म्हणून गाडीबरोबर आलेलं जाडजूड माहितीपुस्तक चष्मा लावून वाचून काढलं आणि कधी चाकातून घरघर, कधी गिअर बदलताना हिसका, अशी एकेक तक्रार शुक्रवारसाठी राखून ठेवली. गाडी बिचारी खाली ठणठणीत उभी होती आणि वर तिची बदनामी चालली होती. आठवड्याचे बाकीचे दिवस काका कुणाशीच बोलत नसत. दूधवाला पिशवी अडकवून जायचा, बिलं मोबाइलवर भरली जायची. कधी कधी आपला आवाज फुटतोय की नाही हे पाहायला ते मोठ्याने घड्याळातली वेळ म्हणायचे.

आठचा आकडा सांगितला आणि डाव अंगाशी आला. मुलगा म्हणाला, की बाबा, मी सगळा हिशेब घातला. पेट्रोल, विमा, दर वर्षीची सर्व्हिस, आता चारही टायर बदलायला येतील. हा पांढरा हत्ती कशाला पोसायचा? विकून टाकू. तुम्हाला कुठे जायचं असेल तेव्हा टॅक्सी मागवू. आधी सर्व्हिस सेंटरला दाखवून घ्या, मी वेळ ठरवून ठेवलीय.

गाडी जाणार याचं काकांना काडीचं दुःख नव्हतं. गाडी गेल्यावर शुक्रवारी मुलगा विचारणार काय? टॅक्सीचं ॲव्हरेज कुणी विचारतं का?

सर्व्हिस सेंटरमध्ये टेबलामागे एक तरतरीत मुलगी होती. तिने गाडीला वायर जोडली, मेकॅनिकला बरोबर घेऊन मोठी फेरी मारून आली आणि म्हणाली, की काका, काही बिघाड नाही, उलट इतकी निगुतीने चालवलेली गाडी आमच्याकडे येतच नाही, साडेतेरा देतेय. काका कसनुसं हसले. निघताना त्यांनी रिपोर्ट मागितला, तर ती म्हणाली, गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या मोबाइलवर तो केव्हाच गेला.

मधले दिवस काकांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. चिडून पोराने फोनच केला नाही तर? करून तरी काय बोलेल? शुक्रवारी ते दुपारपासून फोनजवळ बसले होते. संध्याकाळी तो वाजला.

"बाबा, ॲव्हरेज काय पडलं?"

"साडेतेरा," काका म्हणाले.

"हं. आलाय रिपोर्ट माझ्याकडे. मग आठ का सांगत होतात?"

भागाकार चुकला, टाकी नीट भरली नव्हती, अशी चार उत्तरं काकांनी तयार ठेवली होती. ती तशीच राहिली आणि ते बोलून गेले,

"आठ सांगितलं की तू लवकर ठेवत नाहीस."

मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, एक मिनिट. गाडी बाजूला घेतो." इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली आणि इंजिन बंद झालं. इतके दिवस पोरगा ऑफिसातून घरी जाता जाता बोलत होता, हे काकांना आज कळलं.

"हं. बोला आता."

घरात करमत नाही, हे काकांना सांगायचं होतं. भात अजून दोघांचाच टाकला जातो, हेही सांगायचं होतं. तुझ्या आईसारखं मला बोलता येत नाही रे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यातलं काही जमेना. शेवटी त्यांनी विचारलं, "तुझी गाडी किती देते रे?"

"माहीत नाही, बाबा," मुलगा म्हणाला. "मी कधी बघितलंच नाही. मला गाडीतलं काही कळत नाही. तुम्हाला काय विचारायचं ते दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत वाचून ठेवतो."