मिशिगनचा बर्नार

रविवारी सकाळी बायकोचा फोन वाजला की पुरुषोत्तमराव लॉन कापायला बाहेर पडत. फोन पॅरिसहून असे, लेकीचा. मशीनच्या आवाजात तिचं बोलणं ऐकू येत नसे, आणि ते येऊ नये एवढ्यासाठीच तर बिचारं गवत दर आठवड्याला तासलं जात होतं. मिशिगनच्या ट्रॉय गावातल्या त्या अख्ख्या गल्लीत इतकं गुळगुळीत लॉन दुसरं नव्हतं.

लेक कादंबरी ॲन आर्बरच्या विद्यापीठात फ्रेंच शिकली, पॅरिसला गेली आणि तिथल्या एका कडव्या परंपरावादी न्यूज साइटवर लिहायला लागली. साइटच्या माथ्यावर चर्चचा मनोरा, खाली देश, धर्म, कुटुंब यांचे गोडवे, आणि बाहेरून येणाऱ्यांना आता दार लावा असा एकूण सूर. २००५ साली तिने त्याच सुरात पहिला लेख लिहिला. नागपूरहून दोन सुटकेस घेऊन आलेल्या बापाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझा बापही बाहेरूनच आलाय," ते फोनवर म्हणाले. "हेच लिहिणार असशील तर मी तुला मेलो असं समज."

आपल्याकडे हे वाक्य घरोघरी उठताबसता म्हटलं जातं आणि रात्री सगळे एका टेबलावर जेवतात. पण मध्ये समुद्र असला की जेवायला बोलावणार कोण?

चार महिन्यांत माणूस पाघळला. पण स्वतःहून फोन उचलेल तर शपथ! त्याऐवजी ऑफिसला जातायेता त्यांनी गाडीत फ्रेंचच्या सीडी लावल्या, जाडजूड डिक्शनरी आणली आणि लेकीच्या लेखांखाली 'बर्नार, मिशिगन' या फ्रेंच वळणाच्या नावाने प्रतिक्रिया लिहायला सुरुवात केली. वाद घालायचे, पण अदबीने. ती उत्तरं द्यायची. 'माझा सगळ्यात प्रामाणिक वाचक' असं तिने एकदा लिहिलं, तेव्हा त्यांनी ते पान प्रिंट करून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवलं.

२००८च्या फादर्स डेला त्यांनी खरं काय ते सांगून टाकायचं ठरवलं. शनिवारीच लॉन कापून ठेवलं, म्हणजे रविवारी पळून जायला निमित्त नको. सकाळी उठून कागदावर दोन ओळी उतरवल्या. 'मी बर्नार नाही, कादू. मी बाबा.' मग साइट उघडली. वरच तिचा नवा लेख होता, 'माझे दिवंगत वडील'.

'दिवंगत'साठीचा फ्रेंच शब्द त्यांना माहीत होता. तरी त्यांनी डिक्शनरीत पाहिला.

हिवाळ्याच्या सुट्टीत ती घरी असली की बाबा पहाटे उठून तिच्या गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडायचे, गाडी गरम करून ठेवायचे आणि पुन्हा येऊन झोपल्याचं सोंग घ्यायचे. मी खिडकीतून बघायचे, असं तिने लिहिलं होतं. हे तिला ठाऊक आहे याचा त्यांना आजवर पत्ताच नव्हता. 'ते गेले तेव्हा आमचं भांडण चालू होतं,' असा शेवट होता, आणि खाली साठ-सत्तर लोकांनी तिचं सांत्वन केलं होतं.

लेकीने बापाचा शब्द पाळला होता. मेलेल्या बापावर तिचा केवढा जीव होता, आणि जिवंत बापाला त्या पानावर जागा नव्हती. आता खरं नाव लिहिलं तर सगळ्या वाचकांसमोर ती खोटी पडणार, कदाचित नोकरीही जाणार. कागद त्यांनी घडी करून खिशात टाकला आणि टाइप केलं, 'तुमच्या वडिलांच्या आत्म्याला शांती लाभो. बर्नार.'

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'आभारी आहे. तुम्हाला मुलगी असेल तर आजच तिच्याशी बोला, बर्नार. उशीर करू नका.'

तेवढ्यात बायकोचा, शोभनाताईंचा फोन वाजला. तीन वर्षांत पहिल्यांदाच पुरुषोत्तमरावांनी हात पुढे केला. शोभनाताई गडबडल्या, बाबांना बोलायचंय असं फोनवर हळूच म्हणाल्या आणि मग बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या.

"आज नको म्हणते," त्या शेवटी म्हणाल्या. "आज तिला फार रडू येतंय."

लॉन कालच कापून झालं होतं. तरी ते बाहेर गेले आणि त्यांनी मशीन सुरू केलं.