तरंगगुरूंची सात मिनिटं

बाराच्या ठोक्याला इस्पितळातले सगळे विभाग थांबायचे. तंत्रज्ञ, कारकून, परिचारिका, सगळे यंत्रांवरचे हात छातीवर ठेवून सात मिनिटं डोळे मिटायचे. सर्व्हरच्या खोलीत करड्या कोटातले तरंगगुरू काचेची कांडी फिरवत घुमायचे, "हे प्रकाशा, रुसू नकोस! तुझ्या वाटेतलं किल्मिष मी झाडतो!" आणि खरंच, पडद्यावरचा हरवलेल्या संदेशांचा लाल आकडा शून्यावर यायचा. टाळ्या! व्यवस्थापकसाहेबांना तर गहिवरून यायचं. नेटवर्कसाठी राबायचं मी आणि मान गुरूंना, माझा नुसता जळफळाट.

त्या दिवशी दहा वाजता परांचीवरून पडलेला गवंडी आला. त्याच्या मेंदूची चित्रं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इमारतीत, डॉक्टरीणबाईंकडे जायची होती. ती निघायची, अर्धवट पोचायची, पुन्हा निघायची. गवंड्याची बायको दारातून हलेना.

"ताई, गेले का हो फोटो?"

"जातायत, वहिनी." खोटं बोलताना मला लाज वाटली.

फोनवर डॉक्टरीणबाई कडाडल्या, "रक्त कुठल्या बाजूला साचलंय ते दिसल्याशिवाय कवटी उघडा म्हणून कसं सांगू?"

साहेब म्हणाले, "गुरूंना लवकर बोलावलंय. ते आले की सगळ्यांना हात छातीवर ठेवायला सांगू. तोवर कळ काढा."

सगळ्यांना! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी ध्वनिक्षेपक ओढला. "सगळ्यांनी यंत्रांवरचे हात काढा! मंत्रबिंत काही नको, डोळे उघडेच ठेवा!"

लाल आकडा शून्य. चालू होतं ते फक्त चित्रांचं यंत्र. चित्रं गेली.

"डावी बाजू!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. गवंड्याला आत नेलं.

तेवढ्यात गुरू धापा टाकत आले. "वाटेतूनच लहर सोडली होती मी!"

"मग आता इथून सोडा," मी म्हणाले. "मंडळी, तुम्ही मात्र कामं चालू करा."

गुरू घुमले, घामाघूम झाले. आकडा चढतच गेला. कांडी मुकाट कोटात गेली.

मग मी साहेबांना समजावलं. काचेच्या एका तारेतून प्रकाशाचे सात रंग धावतात, असं समजा. दोन यंत्रांनी एकाच वेळी एकच रंग धरला की संदेश एकमेकांवर आदळून फुटतात. दोघं पुन्हा पाठवतात, गर्दी आणखी वाढते. सगळे गप्प बसले की टक्कर कुठली? आठवड्याभरात मी एक रंग फक्त विचारण्यासाठी राखून ठेवला. आधी तिथे रंग आणि पाळी मागायची, मिळाली की मगच पाठवायचं. आता भर कामाच्या वेळीही आकडा शून्याच्या आसपास असतो.

गवंडी वाचला. "सहा महिने आपण बाराची वाट पाहत बसलो," साहेब पुटपुटले. त्या सहा महिन्यांत दहा वाजता आलेले किती होते, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. कारण रोज बाराला मीही सगळ्यांसारखीच डोळे मिटून उभी असायचे.

म्हणून सांगते, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी आजूबाजूला बघा. त्या घटकेला काय काय थांबलंय, ते मोजा.