आपलं कॉलेज

सल्लागार मॅडमनी चाचणीचे पेपर टेबलावर पसरले आणि चष्मा कपाळावर चढवला. रसायनशास्त्रात नापास, गणितात काठावर, बाकीच्यांत कसाबसा जीव तगलेला. समोर बसलेल्या बारकीने रुमालाचं टोक बोटाला इतकं आवळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

"प्रवेशाच्या वेळी मी काय म्हणाले होते?"

"पाच पुरे, सहावा नको."

"आणि तू काय केलंस?"

बारकीने सहावा घेतला होता, दुसरं काय! पहिल्या वर्षाला पाच विषय सक्तीचे, आणि ज्याला हौस असेल त्याला सहावा घ्यायची सोय. हौस म्हणे! त्या पाचांनीच भल्याभल्यांचे डोळे पांढरे होत होते, आणि ही बया वर भूगर्भशास्त्र घेऊन बसली होती. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. हिने तर धोंड्यांचा अख्खा विषयच पाडून घेतला होता.

"विषय सोडायचा आज शेवटचा दिवस," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "पाचला ऑफिसची खिडकी बंद होते. वार्षिक परीक्षेत रसायन राहिलं तर वर्ष गेलं, आणि फीची सवलतही गेली. मग कॉलेज कुठलं नि काय! सोड हा सहावा. दगडांचा तुला एवढा कसला लळा?"

बारकीला लळा नव्हताच. लळा ताईला होता.

ताई तिची मोठी बहीण. आई गेली तेव्हा ताईची बारावी नुकतीच झाली होती, बारकीला पडले त्यापेक्षा कितीतरी जास्त मार्कांनी. वडील त्याआधीच दुसरीकडे संसार थाटून मोकळे झालेले. घर कुणीतरी ओढायला हवं होतं, म्हणून ताई लॉन्ड्रीत कामाला लागली. त्याबद्दल ती कधी रडली नाही, कधी कुणाला ऐकवलं नाही. फक्त बारकीच्या प्रवेशाच्या वेळी कॉलेजचं माहितीपुस्तक घरात आलं तेव्हा हॉटेलातलं मेनूकार्ड वाचावं तसं ती ते वाचत बसली, आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "बारके, हे आपण घेऊ या का?"

आपण. तेव्हापासून ताईच्या तोंडून "तुझं कॉलेज" असं कधी निघालंच नाही. आपलं कॉलेज, आपले सर, आपली परीक्षा. रोज संध्याकाळी हातपाय धुऊन ती समोर येऊन बसायची, आणि भूगर्भशास्त्राच्या तासाला जे काही झालं ते बारकीने पहिल्यापासून सांगायचं. सांगता सांगता ताईच्या चेहऱ्यावरचा दिवसभराचा शीण उतरताना दिसायचा. त्यापायी बारकीचं रसायन मात्र रोज थोडं थोडं बुडत होतं. दोन डगरींवर पाय ठेवला की काय होतं, ते शहाण्यांनी कधीच सांगून ठेवलंय.

मॅडमच्या खोलीतून निघून बारकी थेट लॉन्ड्रीत गेली. ताईला सांगितल्याशिवाय त्या खिडकीशी जायचा तिला धीर होत नव्हता. मागच्या दाराने आत शिरताच गरम वाफ अंगावर आली. इस्त्रीच्या मोठ्या यंत्रापाशी ताई आणि तिची जोडीदारीण समोरासमोर उभ्या राहून चादरीची टोकं जुळवत होत्या. ओढायची, दुमडायची, दोन पावलं जवळ यायचं, पुन्हा ओढायची.

"आल्या, प्रोफेसरीणबाईंच्या मास्तरीणबाई आल्या!" जोडीदारीण ओरडली. "अगं, तुझ्या बहिणीने डोकं खाल्लं आमचं. सकाळपासून दगडांशिवाय दुसरी गोष्ट नाही."

"दगड नाही, खडक," ताई म्हणाली. "बारके, तूच सांग हिला. चुनखडीवर उष्णता आणि दाब पडला की तिचा संगमरवर होतो की नाही?"

"होतो."

"बघ! उष्णता आणि दाब. म्हणजे आपली लॉन्ड्रीच की."

"मग इतकी वर्षं उभी आहे मी इथे, माझा का नाही होत संगमरवर?" जोडीदारीण म्हणाली. "माझा तर कोळसा व्हायची वेळ आली."

सगळ्या खो खो हसल्या. बारकीही हसली, आणि हसताना तिला इतकं भरून आलं की तिने तोंड फिरवून चादरींच्या ढिगाकडे बघितलं.

"तू अशी मधेच कशी आलीस?" ताईने विचारलं. "चेहरा का उतरलाय? आपल्याला रसायन जड जातंय का?"

सांग, आत्ता सांग, असं बारकीचं मन ओरडत होतं. "नाही गं," ती म्हणाली. "भूक लागली होती."

ताईने आपला डबा तिच्यापुढे सरकवला. "पटपट खा आणि पळ. आपला तास चुकेल."

बारकीने खाल्लं. डबा झाकून ती निघाली.

खिडकी बंद व्हायच्या बेताला ती कॉलेजात पोचली. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "कारण?"

"झेपत नाही."

त्याने ठप्पकन शिक्का मारला. झालं. आता मोकळं वाटेल म्हणून ती क्षणभर तिथेच थांबली, पण तसं काही वाटलं नाही. ताईच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं मात्र वाटत राहिलं.

घरी जाता जाता तिने युक्ती काढली. ताईला कळूच द्यायचं नाही. ग्रंथालयातून पुस्तक आणायचं, आपलं आपण वाचायचं आणि संध्याकाळी शिकवायचं. मग तिच्याच लक्षात आलं, की असं केलं तर विषय सुटूनही ओझं तेवढंच राहणार. आगीतून फुफाट्यात!

संध्याकाळी ताई समोर येऊन बसली. वाटेत वेचलेले तिचे दगड टेबलावर ओळीने मांडलेले होते.

"हं, आज काय शिकवलं आपल्या सरांनी?"

"ज्वालामुखी."

"ते तर मागेच झालं."

"उजळणी घेतली."

"बरं झालं. मग माझा प्रश्न विचारलास का? लाव्हा समुद्रात पडला तर त्याचा कुठला खडक होतो?" ताई टेबलावर दोन्ही कोपरं टेकून पुढे वाकली. परीक्षेतला पेपर सोपा निघावा तसा तिचा चेहरा फुलला होता.

त्या चेहऱ्याशी खोटं बोलणं बारकीला जमलं नाही. "ताई, मी तो विषय सोडला," ती म्हणाली आणि तिचा बांधच फुटला. "आजच सोडला. रसायनात नापास झालेय मी. वर्ष जाईल माझं. दुपारी तेच सांगायला आले होते गं, मला नाही सांगता आलं."

ताईने उठून बारकीचं डोकं पोटाशी धरलं. "वेडी कुठली! एवढंच ना? आधी नाही का सांगायचं? वर्ष गेलं असतं तर काय दगड चाटत बसलो असतो?"

बारकी रडता रडता हसली. ताईने तिचे डोळे पुसले. मग एकेक करून टेबलावरचे दगड उचलले, खिडकीत नेऊन ठेवले, फडक्याने टेबल पुसलं आणि रसायनाचं पुस्तक आणून बारकीपुढे उघडलं. दिवसभर छातीवर ठेवलेला धोंडा उतरल्यासारखं वाटलं बारकीला. तिने पहिली ओळ वाचायला घेतली. ताई भांडी घासायला मोरीपाशी गेली.

"बारके," तिने पाठमोरीच विचारलं, "तुझी परीक्षा कधी आहे?"

बारकीचं बोट ओळीवरच थांबलं.

"आपली," ती म्हणाली. "ताई, आपली परीक्षा."

पण ताईने नळ मोठा सोडला होता. तिला ते ऐकू गेलं नसावं.