महाराजांना दिसलेले घडे

लॉण्ड्रीच्या वरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात चपलांचा ढीग, खिडक्यांत माणसं. सगळे ‘मागच्या महाराजां’ना भेटायला आलेले. हे नाव लोकांनीच ठेवलेलं. बाकीचे बाबा पुढचं सांगतात; हे मागचं सांगायचे आणि तंतोतंत सांगायचे. कुणाला पणजोबांचं नाव, कुणाला आजीच्या लग्नाचं साल, तर कुणाला राहतं घर आधी कोणाच्या नावावर होतं ते. ऐकणारा डोळे पुसतच जिना उतरायचा.

मी घड्याळं दुरुस्त करतो, आजोबांपासूनचा धंदा. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण त्या दिवशी मीही चक्रावलो.

माझी थोरली बहीण शिवणकाम करते आणि आमच्या वडिलांच्या जुन्या घरात राहते. तिची मुलगी बाळंतपणासाठी आलेली. सातवा महिना, रक्तदाब वाढलेला. ताईने काळजीपोटी नंबर लावला आणि मलाही ओढून नेलं. महाराजांनी डोळे मिटले, बोटं हवेत फिरवली.

“तान्ही मुलगी दिसते. आठ महिन्यांची. तुझ्या आधी जन्मलेली. जानेवारीत त्याच घरात गेली. अजून उंबऱ्यात उभी आहे ती. पोटातल्या बाळावर तिचा डोळा आहे.”

ताई पांढरीफटक पडली. आमची पहिली बहीण अशी गेल्याचं आईने आम्हाला एकदाच, हलक्या आवाजात सांगितलं होतं.

“काय करू, महाराज?”

“बाळंतपण होईपर्यंत त्या घरात औषध नको. औषधाच्या वासाने ती खवळते. मी मंतरलेलं पाणी देतो, तेवढं पाजा.”

ताईने घरी जाऊन रक्तदाबाच्या गोळ्या शिवणयंत्राच्या खणात कोंडल्या. चार दिवसांत भाचीचे पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं. मी ताईशी कडाकडा भांडलो. तिचं एकच टुमणं, “मग त्यांना कळलं कसं?”

मी वैतागून वाचनालयात जाऊन बसलो. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी माझा चेहरा पाहून विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं.

“नंबर लावताना काय लिहून घेतात?” त्या म्हणाल्या.

“नाव, पत्ता, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव.”

“आणि भेट?”

“दुसऱ्या दिवशी.”

“म्हणजे शोधायला रात्र मिळते.” त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. “ही राज्याच्या अभिलेखागाराची वेबसाइट. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी, लग्नं, घरांची कागदपत्रं. सगळ्यांना खुली. आडनाव सांगा.”

आडनाव टाकलं, रस्ता टाकला. मिनिटभरात आमची ती गेलेली बहीण पडद्यावर आली. मुलगी, वय आठ महिने, जानेवारी. मला संताप आला.

बाईंनी आजोबांचीही नोंद काढली. व्यवसाय: घडेवाला.

“चूक आहे,” मी म्हणालो. “घड्याळवाले होते ते.”

त्यांनी मूळ पानाचा फोटो उघडला. शाई मधेच उडालेली, पण अक्षर लागत होतं: घड्याळवाला. कॉम्प्युटरवर उतरवून घेणाऱ्याने घाईत घडेवाला केलेलं.

मी बहिणीची आणि आजोबांची सगळी पानं छापून ताईकडे नेली. ताईने हातही लावला नाही. “कॉम्प्युटरला दिसतं, तसं महाराजांनाही दिसतं,” म्हणाली. मी त्याच दुपारी माझ्या नावाने नंबर लावला आणि दुसऱ्या दिवशी ताईला घेऊन हॉलमध्ये बसलो.

महाराजांनी डोळे मिटले.

“ओली माती. गरगर फिरणारं चाक. तुझे आजोबा घडे घडवायचे. एका म्हातारीला तडकलेला घडा विकला, तिचा तळतळाट तुमच्या मागे आहे.”

हॉलमध्ये हळहळ पसरली. माझ्या शेजारी ताई ताठ झाली.

“महाराज, आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे,” ती म्हणाली.

“त्याच्या आधीचं सांगतोय मी, बाई.”

“त्याच्या आधी ते शाळेत जायचे.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी उठून वेबसाइटवरचं पान मोठ्याने वाचलं, मग मूळ पान वाचलं. ज्यांच्याकडे फोन होते त्यांनी तिथल्या तिथे आपापली आडनावं टाकली. “अरे, माझे पणजोबा इथेच आहेत,” एक पोस्टमन म्हणाला. महाराज पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि मागच्या जिन्याने उतरले.

ताईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने चष्मा लावून आमच्या बहिणीच्या नोंदीचं पान हातात घेतलं होतं. त्यात मी घाईत न वाचलेले दोन रकाने होते. तिने बोट ठेवून वाचले: मृत्यूचं कारण, ताप. औषधोपचार, झाला नाही.

पानाची घडी घालून ती उठली. मग म्हणाली, “चल. आधी हॉस्पिटल.”

डॉक्टरांनी भाचीला पाच दिवस ठेवून घेतलं आणि ताईला सर्वांसमक्ष झापलं. ताईने मान खाली घालून ऐकून घेतलं. पुढे बाळ सुखरूप झालं. मुलगी आहे, आवाज खणखणीत.

तेव्हा मंडळी, कुणी तुमचं मागचं अचूक सांगू लागला तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे कुठे लिहिलेलं आहे, आणि आपण त्याला काय लिहून दिलं? त्या नोंदी तुमच्याच आहेत. स्वतः उघडून वाचा. आणि औषध बंद करायचं की नाही, हे फक्त डॉक्टरला विचारा.