कमी धोक्याचा माणूस

पाहणीवाल्या ताई दर तीन महिन्यांनी यायच्या. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घ्यायच्या आणि मग यादी वाचायच्या: वर्षभरात घरात कोणी गेलं? घर बदललं? नोकरी सुटली? लग्न झालं? प्रत्येक घटनेला गुण ठरलेले. गुण जितके जास्त, तितका माणूस आजारी पडायचा धोका जास्त, असा त्या पाहणीचा अंदाज.

"लग्नालाही गुण?" चष्मेवाले काका मागे म्हणाले होते. "म्हणून तर मी त्या वाटेला गेलो नाही!" ताई खळखळून हसल्या. त्या हसण्यावर काकांचे कितीतरी दिवस निघाले.

चष्म्याच्या काचा घासण्यात काकांचा जन्म गेला. आता सडाफटिंग, एकटा जीव. दुसरा कप विसळायची वेळ फक्त ताई आल्यावर यायची.

या खेपेला पट्टा सोडताना ताई म्हणाल्या, "काका, गुण पुन्हा शून्यच आले तर पुढच्या वेळेपासून फोनवर विचारेन हं. कमी धोक्याच्या माणसांकडे जायचं नाही, असं साहेबांनी ठरवलंय."

यादी सुरू झाली. "घरात कोणी गेलं?"

"दादा गेला," काका बोलून बसले.

दादा ठणठणीत होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला. आईच्या माघारी दोघांत अबोला होता, एवढंच.

ताईंनी नोंद करून पेन खाली ठेवलं. उठून पाणी आणलं, पाठीवर हात ठेवला. "कसं झालं हो?"

त्या हाताखाली काकांना रडू फुटलं, आणि ते रडू काही खोटं नव्हतं. धडधाकट माणसाबद्दल असं अभद्र बोलायला जीभ कशी रेटली? दादाचा चेहरा आठवू गेले तर पांढरी चादरच दिसायला लागली.

"खोडा ते," काका कसेबसे म्हणाले. "आहे तो. तुम्ही यावं म्हणून बोललो."

ताईंनी ती ओळ खोडली. "मला खोटं लिहिता येत नाही हो, काका." दारात चपला घालताना म्हणाल्या, "फोन मात्र नक्की करीन," आणि जिना उतरून गेल्या.

काका फोनपाशी बसले. नंबर बोटांना पाठ होता.

"कोण?" दादाचा जाडाभरडा आवाज.

"मी."

पलीकडे श्वास अडकला. "कोण गेलं रे?"

"कोणी नाही."

"मग?"

काकांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. पलीकडे दादा खोकला, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. फोन मात्र दोघांपैकी कोणीच ठेवला नाही.