एकच वाचक

वाक्याच्या मध्यावरच तिचा श्वास संपला. तिनं तिथं पूर्णविराम दिला, हातातला कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून मोठ्यानं वाचलं.

"सुई मोडली की आपण सुईला बोल लावतो. आधी आपले हात पाहा. कापड पुढं सरकवायला मशिनचे दाते आहेत. आपण ते ओढायला गेलो, की बिचारी वाकते."

आता बसलं. तिनं मान डोलावली.

"झालं बाईंचं कीर्तन सुरू," पलीकडच्या टेबलावरून आकडेताई म्हणाली. "टाळ आणू का?"

"आण. पण वाजवायचा तालात."

कंपनी शिलाई मशिनचं सामान विकायची. सुया, दोरे, बॉबिन, पट्टे, सगळं ऑनलाइन. गिऱ्हाईक म्हणजे लहानमोठे शिवणाचे कारखाने. त्यांच्यासाठी कंपनीच्या साइटवर लेख लिहायचं काम हिच्याकडे होतं. ऑफिसात तिला सगळे लेखिकाबाई म्हणत, आणि त्यातला 'बाई' जरा लांबवून म्हणत. कुठला लेख कोणी उघडला, किती वेळ पाहिला, कुठं सोडला, हे पाहणं आकडेताईचं काम.

उभं राहून, मोठ्यानं वाचत लिहायची खोड तिला मामांकडून लागली होती. मामा कीर्तन करायचे. ते म्हणत, शब्द डोळ्यांतून आत जातो खरा, पण मुक्कामाला कानातच राहतो. म्हणून पट्टा कसा बदलावा हे सांगतानासुद्धा ती समोर सभा बसली आहे असं समजूनच लिहायची. शेवटच्या ओळीत बसलेल्या, पेंगुळलेल्या माणसापर्यंत पोहोचलं पाहिजे.

मालक आले ते टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले. खुर्ची घेतली नाही, तेव्हाच तिला कळलं.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका. तुमचं लिखाण सुंदर असतं. पण नमनालाच घडाभर तेल जातं हो. लोकांना वेळ कुठाय? पुढच्या आठवड्यापासून लेख बंद करू. चार ओळी आणि एक चित्र, बस. तेवढं आता यंत्रसुद्धा लिहून देतं."

"आणि मी?"

"बघू ना. काहीतरी बघू."

हे 'बघू' ऑफिसातल्या प्रत्येकाला ओळखीचं होतं. मागं पार्सल बांधणाऱ्या काकांनाही ते ऐकायला मिळालं होतं. काका नंतर दिसले नाहीत.

तिनं कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"शेवटपर्यंत कोणीच वाचत नाही?"

मालकांनी आकडेताईकडे पाहिलं. चेष्टा करायची वेळ नाही हे तिलाही समजलं असावं. तिनं स्क्रीन हळूच इकडे वळवला.

"एक आहे. एकच. पण तो मी हिशोबात धरत नाही, काहीतरी बिघाड आहे. एवढ्याशा लेखावर कोण इतका वेळ थांबतं? पान उघडं टाकून झोपत असणार."

"दाखव."

स्क्रीनवर तिचाच जुना लेख होता, बॉबिनवर दोरा भरण्याचा. कुणीतरी तो कसा पुढं सरकवला होता, ते जसंच्या तसं उमटत होतं. पान एका परिच्छेदापुरतं खाली गेलं. थांबलं. मग परत वर आलं, अगदी सुरुवातीला. पुन्हा खाली. पुन्हा थांबलं.

"बघ, बिघाडच," आकडेताई म्हणाली.

बाई वाकून पाहत होती. तिचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता. लिहिताना जिथं तिनं श्वास घेतला होता, तिथंच पान थांबत होतं. तिचा श्वास पुरा व्हायचा आणि मग पान हलायचं. कुठल्या कोण माणसाचा तो अंगठा, आणि तिच्या छातीशी ताल धरून चाललेला. तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"झोपलेला नाहीये तो," ती म्हणाली. "वाचून दाखवतोय. कुणाला तरी."

"कुणाला?"

"ते मला काय माहीत!"

मालक हसले, पण उठून गेले नाहीत. "गिऱ्हाईकच आहे ना? नंबर असेल. लाव फोन. लेख लहान हवेत का, त्यांनाच विचारू. एकदाचा सोक्षमोक्ष."

आकडेताईनं फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडून मशिनांचा घरघराट आला, आणि त्यावरून चढवलेला एका वयस्क बाईचा आवाज.

"कोण? मोठ्यानं बोला!"

"तुम्ही सुया-दोरे मागवता ना, त्या कंपनीतून बोलतोय," मालक म्हणाले.

"पट्टा चांगला आहे हो. मी काही तक्रार केलेली नाही!"

"तक्रारीचं नाही, मावशी. आमचे लेख तुम्ही वाचता, त्याबद्दल."

"मी कुठली वाचते? मला चष्मा लावूनही धड दिसत नाही. धाकटी सून वाचते. आम्ही ऐकतो."

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही म्हणजे सगळ्या! दुपारी मशिनी थांबवून बटणं लावायला बसतो ना, तेव्हा. हात गुंतलेले, कान मोकळेच की. कुणी उशिरा आली की पुन्हा पहिल्यापासून वाचायचं, नाहीतर बया रुसते. शेजारच्या कारखान्यातल्याही येतात आता, आपापली बटणं घेऊन."

आकडेताईचा हात तोंडावर गेला.

"लिहिणारी कोण आहे हो तुमच्याकडे? शेजारच्या मशिनवर बसून बोलल्यासारखं बोलते. आहे का ती तिथं?"

मालकांनी मान वर केली. "आहे."

"अगंबाई! थांबा." आवाज फोनपासून लांब गेला. "ए पोरींनो, ती आहे फोनवर! आपली! लेखवाली!"

एक मशिन थांबलं. मग त्याच्या पलीकडचं. मग एकामागून एक थांबत गेली, लांबची, त्याहून लांबची. खोली किती मोठी असेल ते त्या थांबत जाण्यावरून कळत होतं, आणि ती संपतच नव्हती. शेवटचं मशिन थांबल्यावर जी शांतता आली ती रिकामी नव्हती. माणसांनी गच्च भरलेली होती.

"हं, बोला बाई. सगळ्या ऐकतायत."

सभा समोर आहे असं समजून तिनं इतकी वर्षं लिहिलं, आणि ती सभा खरंच बसलेली होती. तिनं नकळत पायांतल्या चपला काढून बाजूला सारल्या.

"एक नवीन लिहायला घेतलाय," ती कशीबशी म्हणाली. "दोऱ्याच्या ताणाबद्दल. सुरुवातच झालीय फक्त. आणि तो कुठं येईल की नाही..."

तिनं मालकांकडे पाहिलं. ते अंगठीशी चाळा करत होते.

"वाचू?"

"वाचा की! विचारता काय?"

तिनं टेबलावरचा दुसरा कागद ओढला.

"टाक्याला दोन दोरे लागतात. वरचा वरून येतो, खालचा बॉबिनमधून. दोघं एकमेकांना कधी दिसत नाहीत. मधे कापड असतं."

ती श्वासाला थांबली.

"हं," पलीकडून एकदम कितीतरी आवाज म्हणाले.

"एकानं फार ताणलं, तर दुसरा ओढला जातो. दोघांनी सारखं धरलं, तर गाठ कापडाच्या पोटात जाऊन बसते. वरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही. पण कापड धरून ठेवते ती तीच."

"हं," सगळ्या म्हणाल्या.

आणि त्यांच्यामागून, जरा उशिरा, तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसत मालकही म्हणाले, "हं."